नाशिकमध्ये शिकता शिकता कमावताय? मग कापलेला कर परत कसा मिळवायचा ते वाचा

पेठ तालुक्यातला एक मुलगा. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतो आणि संध्याकाळी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवतो. ठरलेले पंधरा हजार, खात्यात यायचे साडेतेरा. दीड हजार क्लासवाले कशाचे तरी कापतात, एवढंच त्याला माहीत. आमच्या ऑफिसात तो आला होता वडिलांच्या पॅनचं काम घेऊन. बोलता बोलता मोबाइलमधले बँकेचे मेसेज दाखवले, तेव्हा लक्षात आलं की हा टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला आयकर. अकरा महिन्यांचे १६,५०० रुपये. आणि त्याला आयकर किती लागतो? शून्य. म्हणजे पैसे त्याचेच, फक्त सरकारकडे जमा झालेले. मागितल्याशिवाय ते परत येणार नव्हते.

मी दिंडोरीहून नाशिकला शिकायला आले तेव्हा माझेही दोन वर्षांचे पैसे असेच गेले. शिकवणी घ्यायचे, कापून यायचे, आणि ‘कर भरण्याइतकं आपलं उत्पन्न कुठंय’ म्हणून मी आयकर रिटर्नच्या, म्हणजे वर्षभराच्या कमाईचा आणि कराचा हिशेब विभागाला देण्याच्या, वाटेला गेले नाही. त्या पैशात एका सत्राची फी भागली असती. आता कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, आणि दर जून-जुलैत हीच चूक करून आलेली मुलं-मुली बघते. त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नवा आयकर कायदा लागतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून कलमं मी मोजकीच देते.

तुम्हाला कर लागतो का?

जवळजवळ नक्कीच नाही. कर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, नवी प्रणाली आणि जुनी प्रणाली. नव्या कर प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के असं गणित आहे खरं, पण एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७-ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळते आणि कर शून्यावर येतो. पगार असेल तर त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) वेगळी. जुन्या प्रणालीत ही मर्यादा बरीच खाली आहे: अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाच लाखांपर्यंत सूट. विद्यार्थ्याने जुनी प्रणाली निवडण्याचं कारण मला तरी सापडत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते हे खरं, पण कर मुळात शून्य असेल तर वजावट घेऊन करणार काय?

सूट आहे म्हणून रिटर्न भरायचं नाही, असं मात्र नाही. करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरणं सक्तीचं आहे. ४ लाखांच्या खाली असाल तर साधारणपणे सक्ती नाही, पण टीडीएस कापला असेल तर परत मिळवायला रिटर्न हाच एक रस्ता आहे.

दोन अपवाद लक्षात ठेवा. क्रिप्टोमधल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, तिथे ना ४ लाखांची मर्यादा चालते ना ८७-ए ची सूट. लॉटरीचंही तसंच. आणि शेअर अल्पमुदतीत विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्या करालाही नव्या प्रणालीत ही सूट नाही. मित्राच्या नादाने मोबाइलवर खातं उघडलं असेल तर रिटर्न भरताना ते लपवू नका, ते आधीच विभागाला दिसत असतं.

तुमचे पैसे कोणत्या नावाने येतात

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबूया.

शिष्यवृत्ती. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे, आणि त्याला रकमेची मर्यादा नाही. महाडीबीटीवरून खात्यात आलेली फी असो वा निर्वाह भत्ता, ती उत्पन्नात धरायची नाही.

‘कमवा व शिका’ योजनेत कॉलेजकडून तासांप्रमाणे मिळणारे पैसे आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं विद्यावेतन (बारावी पास ६,०००, आयटीआय-पदविका ८,०००, पदवीधर १०,००० रुपये महिना) हे वर्षभराचं मिळून ४ लाखांच्या आसपासही जात नाही. ते शिष्यवृत्ती म्हणायचं की पगार, यावर वाद घालत बसण्याची गरज नाही. कर कसाही शून्यच.

पगार. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर तुमचं नाव असेल, तर पगार या सदरात जातं. तुमच्याएवढ्या पगारावर टीडीएस सहसा कापलाच जात नाही. मग काय कापलं जातं? अंबडच्या एका मुलीची पे-स्लिप माझ्यासमोर होती: एकूण पगार १८,०००. त्यातून पीएफ १,४४०, ईएसआय १३५, पीटी २००. हातात १६,२२५. तिला वाटत होतं की हे सगळं ‘टॅक्समध्ये’ जातं आणि रिटर्न भरलं की परत येतं. तसं नाही. पीएफ तिचीच बचत आहे, ईएसआय हा आरोग्य विमा आहे, आणि या दोन्हींचा आयकराच्या रिफंडशी संबंध नाही.

पण त्या २०० रुपयांकडे मी बोट ठेवलं. पीटी म्हणजे व्यवसाय कर, तो महाराष्ट्र सरकारचा. एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. १८,००० पगाराच्या मुलीचा पीटी कापणं चूक आहे. वर्षाला २,५०० रुपये होतात. तिने पे-स्लिप घेऊन पगार काढणाऱ्या माणसाकडे जाऊन विचारलं आणि पुढच्या महिन्यापासून कपात थांबली. मुलींनो, आजच आपली पे-स्लिप काढून बघा. मुलांना ७,५०० पर्यंत माफी आहे, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यावर २०० रुपये महिना (फेब्रुवारीत ३००).

फी किंवा कंत्राटी काम. इथेच टीडीएस कापला जातो. तुमच्या पैशातून सरळ १० टक्के कापले जात असतील तर समजा की त्यांच्या वहीत तुम्ही कर्मचारी नाही, व्यावसायिक आहात. क्लासमध्ये शिकवणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. एका ठिकाणाहून वर्षाला ५०,००० च्या वर फी गेली की १० टक्के कापायचे, असा नियम आहे. डिलिव्हरी किंवा ठेक्याच्या कामावर कपात १ टक्का असते, तीही एकरकमी ३०,००० किंवा वर्षाला १ लाखाच्या वर गेल्यावर. कमिशनवर २ टक्के. पॅन दिला नसेल तर मात्र थेट २० टक्के कापतात, आणि तो कर तुमच्या नावावर चढतही नाही. म्हणून कामाला लागण्याआधी पॅन द्या आणि दिल्याचा मेसेज जपून ठेवा.

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव, दिंडोरीकडे पॅकहाऊसमध्ये किंवा विरळणीला जाणाऱ्यांसाठी एक सांगते. शेती उत्पन्न करमुक्त असतं, ते शेती कसणाऱ्याचं. दुसऱ्याच्या बागेत केलेल्या कामाची मजुरी शेती उत्पन्न होत नाही. हंगामाची मजुरी करपात्र रकमेपर्यंत पोहोचत नाही हा भाग वेगळा. घरच्या बागेचं उत्पन्न करमुक्त असलं तरी उत्पन्नाच्या दाखल्यात ते धरलं जातं, त्याबद्दल पुढे.

अठरा पूर्ण नसलेल्यांनाही शंका असते. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेलं मिळवत नाहीत. ते मुलाचंच राहतं.

‘१५-जी भरून दे’ हा सल्ला ऐकू नका

हॉस्टेलवर कोणीतरी सिनिअर हमखास सांगतो की फॉर्म १५-जी दिला की कपात थांबते. बँकेच्या ठेवीवरच्या व्याजाला तो चालतो. क्लासच्या फीला, डिलिव्हरीच्या पैशाला, पगाराला चालत नाही. क्लासवाल्यांनी तो घेतला नाही म्हणून त्यांच्याशी भांडू नका, त्यात त्यांचं बरोबर आहे.

आता कामाला लागू

पहिलं, पॅन. नसेल तर आयकर विभागाच्या पोर्टलवर आधारवरून ई-पॅन फुकट आणि काही मिनिटांत मिळतो. अट एवढीच की वय अठरा पूर्ण हवं आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. जुना पॅन असेल तर आधारशी जोडलाय का ते आधी तपासा. न जोडलेला पॅन निष्क्रिय धरतात, त्यावर रिफंड निघत नाही, आणि आता जोडायला हजार रुपये लागतात.

दुसरं, नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि बँकेत वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. पॅन आणि बँकखातं यांतलं नाव जुळलं नाही की खात्याची पडताळणी होत नाही, आणि पडताळणी न झालेल्या खात्यात रिफंड पडत नाही. माझ्या अनुभवात रिफंड अडकण्याचं हे एक नंबरचं कारण आहे. रिटर्न भरायच्या आधी, एप्रिल-मेमध्येच बँकेत जाऊन नाव नीट करून घ्या.

खातं आयएफएससी कोड असलेल्या बँकेतलं हवं. गावच्या पतसंस्थेतलं चालत नाही. वडिलांचंही चालत नाही. तुमच्या पॅनला जोडलेलं तुमचंच हवं.

तिसरं, कापलेला कर खरंच जमा झालाय का ते बघणं. पोर्टलवर लॉगिन केलं की २६-एएस आणि एआयएस ही दोन पत्रकं दिसतात. कोणी किती पैसे दिले आणि किती कर कापून भरला, हे तिथे लिहिलेलं असतं. कापणारा दर तिमाहीचं विवरण नंतर भरतो, शेवटच्या तिमाहीचं ३१ मेपर्यंत. त्यामुळे मार्चचा टीडीएस एप्रिलमध्ये दिसला नाही म्हणून घाबरू नका. जून अर्धा गेला तरी दिसत नसेल, तर मात्र विचारायला लागा.

पेठच्या त्या मुलाच्या २६-एएसमध्ये अकरापैकी आठच महिने दिसत होते. तीन महिन्यांचे साडेचार हजार कापले होते, पण त्याच्या नावावर नव्हते. तो तोंडी विचारून आला होता, ‘बघतो’ असं उत्तर मिळालं होतं. मी त्याला व्हॉट्सअॅपवर तारखांसह लिहायला लावलं: अमुक तारखेला एवढे ठरलेले, एवढे जमा, फरक एवढा, माझा पॅन हा, कृपया विवरण दुरुस्त करून फॉर्म १६-ए (कर कापल्याचा दाखला) द्यावा. सोबत बँक स्टेटमेंटचे फोटो. दोन आठवड्यांत दुरुस्ती झाली. बहुतेकदा यात कोणाची लबाडी नसते, पॅनमधला एक आकडा चुकलेला असतो. पण लेखी मागितलं की ते काम पुढे सरकतं. तुमच्याकडून कर कापला आणि त्यांनी भरला नाही, तर तो कर विभाग तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. मात्र २६-एएसमध्ये नसलेल्या रकमेचा रिफंड प्रत्यक्षात हातात येणं अवघड असतं, म्हणून आधी दुरुस्तीच करून घ्या.

पगार असेल तर या दाखल्याचं नाव फॉर्म १६, फी किंवा कंत्राट असेल तर १६-ए. हे देणं टीडीएस कापणाऱ्याचं काम आहे, ते उपकार करत नाहीत.

चौथं, रिटर्न. आकारणी वर्ष २०२६-२७ निवडा. २०२५-२६ ची कमाई आकारणीला पुढच्या वर्षात येते, इथे नवखे हमखास चुकतात. फक्त पगार आणि बँकेचं व्याज असेल तर रिटर्नचा आयटीआर-१ हा फॉर्म, निम्मं तर आधीच भरून येतं. पण १० टक्के कापलेली फी किंवा डिलिव्हरीचे पैसे असतील तर आयटीआर-१ चालत नाही. फॉर्म सोपा आहे म्हणून फी ‘पगार’ दाखवून आयटीआर-१ भरणारे खूप आहेत. मग २६-एएसमधला टीडीएस आणि रिटर्नमधलं उत्पन्न जुळत नाही आणि नोटीस येते. अशा कामाला आयटीआर-३ किंवा ४ लागतो. यातला कोणता आणि व्यवसायाचा कोड काय, हे कामाच्या प्रकारावर ठरतं. म्हणून पहिल्या वर्षी एकदा तरी कर सल्लागाराला दाखवून घ्या. दुसऱ्या वर्षी तुम्ही स्वतः भराल, मी मुलांकडून तसंच करून घेते.

उत्पन्न खरं दाखवा. डिलिव्हरीवाल्यांनी पेट्रोल आणि गाडीच्या दुरुस्तीची बिलं ठेवावीत, तो खर्च वजा होतो. कर शून्य असताना उत्पन्न कमी दाखवण्यात काही मिळत नाही. उलट पुढे शैक्षणिक कर्ज मागायला गेलात की बँक हीच रिटर्न बघते.

‘जास्त रिफंड काढून देतो, मिळाला की वीस टक्के द्या’ म्हणणारे एजंट सीबीएस बसस्थानकाच्या आसपास असोत की मोबाइलवर, त्यांच्यापासून लांब राहा. तुम्हाला कापलेल्या रकमेएवढाच मूळ रिफंड मिळू शकतो, त्याहून जास्त कोणी कुठून काढणार? खोट्या देणग्या, खोटे विमा हप्ते दाखवले तर नोटीस तुमच्या पॅनवर येते, एजंटच्या नाही. आणि आपला पासवर्ड, ओटीपी कोणालाही देऊ नका, आमच्यासारख्यांसमोर बसलात तरी स्वतःच टाका.

पाचवं, ई-व्हेरिफाय. रिटर्न भरून झाल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची. न केल्यास वेळेत भरलेलं रिटर्न भरलं असं धरतच नाहीत. ‘सबमिट’ झालं म्हणून मोबाइल खिशात टाकून निघून जाणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून आता समोर बसवून ओटीपी टाकून घेते.

मुदतीचं सांगायचं तर ३१ जुलै डोळ्यासमोर ठेवा. चुकलीच तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न ४ लाखांच्या खाली असेल तर त्याला विलंब शुल्क नाही, त्यावर ५ लाखांपर्यंत हजार रुपये. डिसेंबरही गेला तर दार पूर्ण बंद होत नाही. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विभागाकडे विलंब माफीचा अर्ज करून रिफंड मागता येतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! दोन-तीन वर्षांपूर्वीचा टीडीएस अडकला असेल तर आधी हेच विचारा. अद्ययावत रिटर्न म्हणून मिळणारा आयटीआर-यू त्यासाठी नाही, त्यातून रिफंड मागता येत नाही.

शिष्यवृत्ती आणि तुमची कमाई

कर शून्य असला तरी उत्पन्न शून्य नसतं, आणि हा फरक तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याला लागू होतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज फी योजनेला आठ लाख. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. वडिलांची शेती, आईची मजुरी आणि घरात राहून कमावणाऱ्याचे पैसे त्यात येऊ शकतात.

सुरगाण्याच्या एका मुलीला याच भीतीने रिटर्न भरायचं नव्हतं. ‘ताई, सरकारला कळलं तर शिष्यवृत्ती जाईल.’ मी तिला आकडे मांडून दाखवले: वडिलांचं उत्पन्न ८०,०००, तिला कामाची मिळालेली फी ९६,०००, मिळून १,७६,०००. मर्यादेच्या आतच. आणि रिटर्न भरो वा न भरो, टीडीएस कापला गेल्यामुळे तिची कमाई विभागाला आधीच माहीत होती. तिचे ९,६०० परत आले आणि शिष्यवृत्तीही चालू राहिली. मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर दाखल्याचा अर्ज करण्यापूर्वी बेरीज करा, आणि अर्जात स्वतःच्या नोकरीबद्दल विचारलं असेल तिथे खरंच लिहा. खोटं निघालं तर आधी मिळालेलेही पैसे परत मागू शकतात.

रिफंडला साधारण काही आठवडे लागतात, कधी त्याहून कमी. ‘तुमचा रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा’ असा मेसेज आला तर क्लिक करू नका. खरा रिफंड पडताळणी झालेल्या खात्यात आपोआप जमा होतो, काहीच भरावं लागत नाही. त्याआधी विभागाकडून ईमेलवर एक सूचनापत्र येतं, त्यात तुम्ही दाखवलेलं उत्पन्न आणि त्यांनी धरलेलं उत्पन्न शेजारी शेजारी छापलेलं असतं. दोन्ही आकडे जुळतात का बघा, आणि ते पत्र व रिटर्नची पोच दोन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. पुढच्या जूनमध्ये सेतूच्या रांगेत उत्पन्नाचा पुरावा म्हणून तीच उपयोगी पडतील.